सायकलचे दुकान : पंक्चर, पावती आणि मजुरी

सायकलचे दुकान उघडले जाते सायकली विकण्यासाठी, पण चालते ते दुरुस्तीवर. चांगली सायकल एकदा घरात आली की दहा-पंधरा वर्षे दुसरी घ्यावी लागत नाही. तेवढ्या काळात हवा, पंक्चर, ब्रेकचे गुटके, चेन, छर्रे आणि टायर-ट्यूब यांसाठी मात्र दुकानाची पायरी कितीतरी वेळा चढावी लागते. त्यामुळे या धंद्यात ग्राहकसेवा म्हणजे विक्रीला जोडलेली सवलत नव्हे. धंदाच तिच्यावर उभा असतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. त्यांच्यातला विश्वासही जुना असतो आणि तक्रारीही जुन्या असतात.

पवनारसारख्या गावात हे नाते जवळून पाहता येते. वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, नागपूर रस्त्याला, धाम नदीच्या काठी हे गाव आहे. विनोबा भावे १९३८ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी येथे राहायला आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात त्यांनी येथूनच केली आणि १९५९ मध्ये त्यांनी येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. सायकलीच्या विषयात मात्र महत्त्वाचे आहे ते ८ किलोमीटरचे अंतर. बेताने पायडल मारले तर ते अर्ध्या-पाऊण तासात कापता येते. शाळा-कॉलेज, बाजार, कचेरी, रेल्वे स्टेशन हे सगळे या टप्प्यात येते. पायी जायला हे अंतर जास्त आहे आणि दर वेळी गाडीची वाट पाहत थांबावे इतके ते लांबही नाही. मात्र मध्येच चाक बसले तर तासभर सायकल हातात धरून चालावे लागते. दूधवाल्याचे दूध नासते, कामावर जाणाऱ्याचा रोज बुडतो. गावातले सायकल दुरुस्तीचे दुकान वेळेवर उघडे आहे की नाही, याला म्हणूनच इतके मोल आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावात एका टोकाला पवनारचे नाव आल्यापासून हे गाव राज्यभर चर्चेत आहे. पण अशा द्रुतगती मार्गांवर सायकलीला प्रवेश नसतो. सायकलवाल्याचा रस्ता जुनाच राहणार आहे आणि त्याच्या गरजाही.

या भागातील गिऱ्हाइकाचा संबंध साधारणपणे तीन प्रकारच्या दुकानांशी येतो. पहिले रस्त्याच्या कडेचे: झाडाला किंवा खांबाला टांगलेला जुना टायर हीच त्याची पाटी. उभा पंप, पाण्याचे घमेले, पान्यांचा डबा आणि बसायला एक पाट, एवढ्याच भांडवलावर ते चालते. दुसरे गावातले किंवा बाजारपेठेतले ‘सायकल स्टोअर्स’. तेथे सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते आणि मोजक्या नव्या सायकलीही असतात. तिसरे वर्ध्या-नागपुरातले शोरूम; तेथे गिअरच्या आणि लहान मुलांच्या सायकली रांगेने मांडलेल्या असतात. आता यांत मोबाइलवरून मागवलेल्या सायकलीची भर पडली आहे. ती खोक्यातून थेट घरी येते, आणि बिघडली की पहिल्या प्रकारच्या दुकानासमोर येऊन उभी राहते.

भारतात सायकल आली ती विलायतेतून. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बाजारात इंग्रजी कंपन्यांचेच राज्य होते आणि रॅले, हर्क्युलस, फिलिप्स ही नावे मराठी घरांतही माहीत होती. देशी कारखानदारीतल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी मुंबईची हिंद सायकल्स १९३९ च्या सुमारास सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलस आणि लुधियान्याला एव्हन व हिरो असे कारखाने उभे राहिले. यांतल्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. कारखाने आले आणि गेले, पण रचना बदलली नाही. कारखान्यातून दुकानात पूर्ण सायकल येत नाही, तिचे भाग येतात. सायकल तयार होते ती दुकानात, फिटरच्या हातून.

सायकल विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी किरायाची सायकल होती. विदर्भात असो की पश्चिम महाराष्ट्रात, तासाच्या दराने सायकल देणारी दुकाने प्रत्येक बाजारपेठेत असत. मडगार्डवर रंगाने क्रमांक टाकलेला असे आणि वहीत नाव व नेण्याची वेळ लिहिली जाई. अनामत रकमेपेक्षा ओळख महत्त्वाची मानली जाई. पोरगा कोणाचा, एवढे कळले की सायकल मिळे. परत आणताना चाक आउट, म्हणजे वाकडे, झालेले असेल तर भरपाईवरून वाद होत, आणि ते वाद बहुधा दुकानातच मिटत. त्या काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत. दिव्याशिवाय रात्री सायकल चालवणे हा गुन्हा होता. बिल्ला, दिवा, घंटी हे सगळे दुकानदारच बसवून देई आणि काय नियमात बसते तेही तोच सांगे. ती पद्धत गेली, पण दुकानदाराचा शब्द अखेरचा मानण्याची सवय गिऱ्हाइकात उरली. तिचे फायदे-तोटे अजून दिसतात.

या दुकानातले सर्वांत जास्त वेळा होणारे काम म्हणजे पंक्चर. हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला आणला, तेव्हापासून हे काम सायकलीला चिकटले आहे. वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात याला दोन गोष्टी कारणीभूत ठरतात: बाभळीचा काटा आणि पावसाळ्यानंतर बांधावर, पांदणीवर वाळून पडलेले सराटे. सराट्याचा काटा आखूड असतो. तो टायरमधून जेमतेम आत शिरतो, त्यामुळे हवा हळूहळू जाते आणि सकाळी भरलेले चाक संध्याकाळी बसते. बाभळीचा काटा लांब असतो. तो कधी कधी ट्यूबच्या दोन्ही बाजू भेदतो.

नीट केलेल्या पंक्चरचे टप्पे ठरलेले आहेत आणि ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहता येतात. आधी वॉल, म्हणजे हवा भरण्याचा व्हॉल्व्ह, तपासला जातो. काळ्या उभ्या सायकलींना जुन्या पद्धतीचा वॉल असतो. त्याच्या दांडीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते आणि तीच हवा अडवून धरते. ही वॉलट्यूब उन्हाने चिरली की पंक्चर नसतानाही हवा जाते. प्रामाणिक कारागीर बोटावर थुंकी किंवा पाणी घेऊन वॉलला लावतो, बुडबुडा येतो का पाहतो आणि दोष तिथेच असेल तर वॉलट्यूब बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावतो. तसे नसेल तर टायरची एक कड रिमच्या बाहेर काढून ट्यूब ओढली जाते. तिच्यात थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवत पुढे सरकवतात. बुडबुडा दिसला की जागेवर खूण करतात, ट्यूब पुसून कोरडी करतात आणि कानसेने किंवा काचपेपरने ती जागा घासतात. वरचा गुळगुळीत, धुळकट थर गेल्याशिवाय ठिगळ धरत नाही. मग सोल्युशन लावायचे आणि थांबायचे.

पंक्चर टिकणार की नाही, ते या थांबण्यावर ठरते. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जायला काही मिनिटे लागतात, आणि तो उडून थर बोटाला चिकट लागल्यावर ठिगळ दाबले तरच जोड पक्का होतो. ओल्या सोल्युशनवर घाईने लावलेले ठिगळ त्या दिवशी हवा धरते आणि पुढे उन्हात कडेने सुटते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा अशा ठिगळांचा कस लागतो. हवा जास्त भरल्याने टायर उन्हात फुटतो, अशी समजूत सगळीकडे आहे. प्रत्यक्षात २५ अंशांना भरलेली हवा ४५ अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब साधारण ७ टक्क्यांनीच वाढतो आणि धड टायर तेवढा सहज सोसतो. फुटतात ते चिरलेले टायर, आणि सुटतात ती घाईची ठिगळे. भीतीपोटी कमी हवा ठेवणारा सायकलस्वार उलट जास्त नुकसान करून घेतो. बसक्या चाकाखाली खड्ड्याची कड आली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

शेवटचा टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो. ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून काटा काढला पाहिजे. तो आत राहिला तर दोन दिवसांनी तेच चाक पुन्हा बसते, आणि गिऱ्हाइकाचा संशय कारागिराच्या नियतीवर जातो. मुद्दाम छिद्रे पाडली, एकाची तीन पंक्चरे दाखवली, चांगली ट्यूब बदलायला लावली, या तक्रारी रस्त्याकडेच्या दुकानांबद्दल सर्रास ऐकू येतात. त्यांतल्या काही खऱ्याही असतात. त्यावर उपायही दुकानातच आहे: ट्यूब गिऱ्हाइकासमोर पाण्यात बुडवायची, प्रत्येक बुडबुडा दाखवायचा, निघालेला काटा हातावर ठेवायचा आणि बदललेली जुनी ट्यूब त्याला परत द्यायची. जो कारागीर हे न सांगता करतो, त्याच्यावर संशय घ्यायला जागा राहत नाही.

दुसरी मोठी तक्रार सुट्या भागांच्या मापाची. टायरवर २६ इंच लिहिले म्हणजे तो कोणत्याही २६ इंची रिमवर बसतो, असे नाही. २६ × १⅜ मापाच्या टायरचा रिमवर बसणारा व्यास ५९० मिलिमीटर असतो. जाड टायरच्या २६ × १.७५ मापाचा ५५९ मिलिमीटर. दोघांत ३१ मिलिमीटरचा फरक आहे. जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ मिलिमीटरचा असतो, तर हल्लीच्या शहरी सायकलींवरचा २८ इंची म्हणून मिळणारा टायर ६२२ मिलिमीटरचा. गावातून कोणीतरी वर्ध्याला जातो, ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणतो, दुकानदार हाताला येईल तो देतो आणि घरी आल्यावर टायर बसत नाही. चूक कोणाची, यावर मग वाद होतो. जुन्या टायरच्या कडेवर जाडी आणि व्यासाचे मिलिमीटरमधले जोड-आकडे कोरलेले असतील तर ते टिपून न्यावेत. पुसले गेले असतील तर जुना टायरच सोबत न्यावा. दुकानदाराच्या बाजूने अपेक्षा एवढीच, की माल बांधण्याआधी त्याने ‘कोणत्या सायकलीला?’ एवढे विचारावे. विकत घेणाऱ्याला माप माहीत नसणे स्वाभाविक आहे. विकणाऱ्याचे तेच काम आहे.

चेनच्या बाबतीतला तंटा याहून गुंतागुंतीचा. चेन झिजली की लांबते. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात आणि तीच लांबी १२⅛ इंचांवर गेली की चेन बदलायला झाली, असे समजतात. पण गिऱ्हाईक बहुधा ती सटकू लागल्यावरच येते. तोपर्यंत लांबलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात. त्या झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की ती चढावर जोर लावताच घसरते. ‘नवी चेन टाकली तरी सटकते, खोटा माल दिला,’ असे गिऱ्हाईक म्हणते. ‘फ्रीव्हील बदला म्हटले होते,’ असे मिस्त्री म्हणतो. दोघेही बहुधा खरेच बोलत असतात. मिस्त्रीने सांगितलेले असते, पण कारण सांगितलेले नसते, आणि कारण न कळलेला खर्च गिऱ्हाइकाला लुबाडणूक वाटतो. झिजलेला दात नव्या फ्रीव्हीलच्या दाताशेजारी धरून दाखवायला अर्धे मिनिट लागते. सायकलच्या दुकानातली निम्मी भांडणे या अर्ध्या मिनिटात मिटू शकतात.

नव्या सायकलीच्या खरेदीत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते फिटिंगकडे. फ्रेम, चाके, हँडल, पायडल, मडगार्ड, कॅरिअर हे भाग दुकानात जोडले जातात. सणासुदीच्या गर्दीत हे काम घाईने उरकले जाते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. अनभिज्ञ किंवा उतावळ्या हाताने ते तिरके घुसवले तर क्रँकचे आटे जातात आणि काही आठवड्यांत पायडल रस्त्यात गळून पडते. हबचे कोन जास्त आवळले तर छर्रे घासतात, सैल राहिले तर चाक लटपटते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही दिवसांत बसतात, त्यामुळे महिन्याभरात एकदा चाकाचा आउट काढून घ्यावा लागतो. पूर्वी दुकानदार सायकल देताना सांगत, ‘पंधरा दिवसांनी घेऊन या, सगळे आवळून देतो.’ ही पहिली फुकट सर्व्हिसिंग अनेक दुकाने आजही देतात, पण फारच थोडी गिऱ्हाइके ती घ्यायला परत येतात. घरपोच आलेल्या सायकलीला तर ही सोयच नसते. अर्धी जुळवलेली सायकल आणि एक पाना खोक्यात येतो, आणि उरलेले काम गावातल्या मिस्त्रीच्या गळ्यात पडते. विक्रीचा नफा त्याला मिळालेला नसतो, पण ब्रेक लागत नसल्याचा दोष मात्र त्याच्या माथी येतो.

दराची घासाघीस सुरू होते ती मजुरीवरून. टायरची, ट्यूबची किंमत गिऱ्हाईक फारशी खळखळ न करता देते, कारण ती वस्तू हातात येते. मजुरीचे पैसे देताना मात्र ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असा प्रश्न येतो. पूर्ण ओव्हरहॉलिंगमध्ये दोन्ही हब, हँडलचे बेअरिंग, पायडल आणि मधला एक्सल खोलून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जुळवायचे असतात. त्यात कारागिराचे दोन-तीन तास सहज जातात. मजुरी तोकडी मिळाली की तो दुसरीकडून भरून काढतो: हलका माल बसवतो, चांगला भाग ‘गेला’ म्हणून बदलायला लावतो किंवा काम अर्धवट करतो. गिऱ्हाइकाने कापलेली मजुरी अशा रीतीने गिऱ्हाइकाच्याच अंगावर येते.

मजुरीचा हा प्रश्न वर्ध्याच्या परिसराला नवा नाही. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणाऱ्यांच्या मजुरीचे धोरण बदलले. खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणारीला तुटपुंजी मजुरी द्यायची की तिला पोट भरेल एवढी मजुरी देऊन खादीचा भाव वाढू द्यायचा, असा तो प्रश्न होता आणि कौल कातणारीच्या बाजूने पडला. विनोबा तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीत राहत. त्यांनी तासन्‌तास सूत कातून, कताईच्या मजुरीत जगता येते का, हे स्वतःवर अजमावून पाहिले. ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्यातून चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी याच विचाराची पुढची पायरी मांडली. वस्तू विकत घेणारा ती कोणत्या परिस्थितीत तयार झाली याचीही जबाबदारी घेतो. माल जितका दुरून येतो तितकी ती जबाबदारी पार पाडणे अवघड होते, असे त्यांचे म्हणणे होते. सायकलचे कारखाने लुधियाना, चेन्नईत आहेत. तेथल्या मजुराची स्थिती पवनारच्या गिऱ्हाइकाला कळणार नाही. दुरुस्ती मात्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. तेथे तरी मजुरीचे मोल ठरवताना तो डोळे मिटू शकत नाही.

गांधीजींच्या नावाने दुकानादुकानांत एक फलक मात्र दुसराच लागलेला दिसतो. गिऱ्हाईक हा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असून तो आपल्यावर नव्हे, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, असा त्याचा आशय. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात हे वचन सापडत नाही. तशाच शब्दांतले विधान १९४१ मध्ये अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावे छापलेले आढळते. फलकातला विचार वाईट नाही. पण गांधीजींचे म्हणून काही भिंतीवर लावायचे असेल, तर सेवाग्राम-पवनारच्या पंचक्रोशीत कारागिराच्या मजुरीचा विचार अधिक अस्सल ठरेल.

गिऱ्हाइकाच्या हक्काची चळवळही महाराष्ट्रातलीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले. या मंडळींनी ग्राहकासाठी स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला त्यामागे या प्रयत्नांचाही वाटा होता. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. सायकलच्या दुकानाला त्यातल्या काही तरतुदी थेट लागू पडतात. माल किंवा सेवा यांची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे पावतीवरचे वाक्य सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवू शकत नाही. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, म्हणून तिच्यातली त्रुटी तक्रारीला पात्र असते; फुकट भरून दिलेली हवा मात्र या व्याख्येत बसत नाही. दूध घालण्यासाठी किंवा भाजी विकण्यासाठी, म्हणजे स्वतःच्या पोटापाण्यासाठी, सायकल घेणारा माणूसही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे.

तक्रारीचे कारण घडल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मालासाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. नव्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याची मुभा दिली. त्यामुळे दूरच्या कंपनीकडून मोबाइलवर मागवलेल्या सायकलीचे प्रकरणही पवनारच्या रहिवाशाला वर्ध्यातच चालवता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. बरेच तंटे तेथेच सुटतात. पंक्चरच्या पैशांसाठी आयोगात जावे, असे कोणी म्हणणार नाही. पण जोडावरून तुटलेली फ्रेम आणि त्यामुळे झालेली इजा ही लहान बाब नाही. नव्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच आहे.

गिऱ्हाईक म्हणून दुकानात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांत आज शाळकरी मुली मोठ्या संख्येने आहेत. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरवलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आले. रक्कम मुलीच्या खात्यात येते. काही भाग आधी आणि उरलेला खरेदीची पावती दाखवल्यावर. म्हणजे येथे पावतीविना हक्काचे पैसेच अडतात. या योजनेत सायकल येते, पण तिची निगा कोण राखणार हे ठरलेले नसते. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर दुरुस्तीचे दुकान नसेल तर वर्षभरात ती सायकल ओसरीच्या भिंतीला टेकते. पंक्चर काढणे, चेन चढवणे, ब्रेक आवळणे हे शाळेतच दोन तासांत शिकवता येते. अनुदानाइतकीच या शिकवणीचीही गरज आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे सायकल घेणाऱ्यांनी किंमत विचारताना कमी झालेला कर लागला आहे ना, हे पाहून घ्यावे. पावतीवर मालाची किंमत आणि फिटिंगची मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. फुकट सर्व्हिसिंगची तारीख आणि वॉरंटीची मुदतही त्याच कागदावर असू द्यावी. फ्रेमचा क्रमांक बहुधा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. तोही पावतीवर टिपून घ्यावा, कारण सायकल चोरीला गेली तर पोलिसांकडे ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.